मुलाखतीचीच परीक्षा

व्यापारी घराण्यांतील मुले-मुली आता मोठ्या संख्येने संगणक अभियंते होऊ लागली आहेत. पेढीच्या गादीवर बसण्याऐवजी ती पुणे, बंगळुरू किंवा थेट कॅलिफोर्नियातील कंपन्यांच्या मुलाखतींना सामोरी जातात. नकार आला, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो मुलात काय कमी पडले, हाच. परंतु माल हलका ठरवण्यापूर्वी तराजू तपासून घ्यावा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. गूगल या जगप्रसिद्ध कंपनीने आपला निवडीचा तराजू स्वतःच तपासून पाहिला. त्यातून जे निष्पन्न झाले, ते नोकरी मागणाऱ्यांइतकेच नोकरी देणाऱ्यांनीही समजून घेण्याजोगे आहे.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीची भरती सुरुवातीपासूनच चर्चेचा विषय होती. २००४ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतील महामार्गालगत एक भला मोठा फलक झळकला. त्यावर कंपनीचे नाव नव्हते. गणितातील ‘ई’ या स्थिरांकाच्या दशांश अंकांत सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या कोणती, एवढेच कोडे होते. ७४२७४६६३९१ हे उत्तर शोधून त्या नावाच्या संकेतस्थळावर जाणाऱ्यापुढे दुसरे कोडे येई आणि तेही सोडवणाऱ्यास अर्ज पाठवण्याचे निमंत्रण मिळे.

कोड्यांची ही हौस मुलाखतीच्या खोलीतही पोहोचली. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, मॅनहॅटनमध्ये पेट्रोलपंप किती असतील, असे प्रश्न उमेदवारांना विचारले जात. वर्षाकाठी वीस लाखांहून अधिक अर्ज येत असल्याने चाळणी बारीक असणे स्वाभाविक होते. पण काही उमेदवारांच्या मुलाखतींची संख्या पंचवीसपर्यंत जाई. हातची नोकरी सांभाळून, रजा काढून, प्रवास करून पुनःपुन्हा परीक्षेस बसणाऱ्याची मनःस्थिती काय होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

मॅक्स हॉवेल यांचा २०१५ मधील अनुभव विशेष गाजला. ‘होमब्रू’ हे मॅक संगणकांवर इतर सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन त्यांनी निर्माण केले. गूगलचे नव्वद टक्के अभियंते आपले साधन वापरतात. तरीही ‘बायनरी ट्री’ नावाची माहितीची रचना फळ्यावर उलटी करून दाखवता न आल्याने आपल्याला नाकारले, असे त्यांनी संतापाने जाहीर केले. कंपनीची बाजू वेगळी असू शकेल. तथापि, वर्षानुवर्षांच्या कामापेक्षा फळ्यासमोरची काही मिनिटे वजनदार ठरावीत काय, हा प्रश्न त्यामुळे जगभरच्या उमेदवारांच्या तोंडी आला.

वास्तविक त्याआधीच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी या पद्धतीची झाडाझडती घेतली होती. हजारो मुलाखतींतील गुण आणि निवडलेल्यांची पुढील कामगिरी यांची तुलना केली असता दोहोंत काहीच संबंध आढळला नाही, असे त्यांनी २०१३ मध्ये सांगितले. कोड्यांनी मुलाखत घेणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान मिळते, त्यापलीकडे काही साधत नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता. चार मुलाखतींत निवडीची खात्री ८६ टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि त्यानंतरची प्रत्येक मुलाखत जेमतेम एका टक्क्याची भर घालते, हेही हिशेबातून दिसले. त्यामुळे चारची मर्यादा ठरली. सर्व उमेदवारांना सारखेच, कामाशी निगडित प्रश्न विचारावेत, गुण ठरलेल्या निकषांवर द्यावेत आणि निर्णय एका व्यक्तीने न करता समितीने करावा, या पद्धतीवर भर देण्यात आला. पूर्वी फेटाळलेले अर्ज पुन्हा पाहून त्यांतील काही जणांना नोकरीही देण्यात आली.

या विचाराला संशोधनाचा आधार होता. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यातील आकडे बॉक यांच्या ग्रंथातही आले आहेत. पुढील कामगिरीतील फरकाचा सुमारे २९ टक्के भाग प्रत्यक्ष कामाच्या नमुन्यावरून कळतो. मनात येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीवरून १४ टक्के, शिफारशींवरून ७ टक्के आणि अनुभवाच्या वर्षांवरून अवघा ३ टक्के भाग कळतो.

हे आकडे आपल्या पेढ्यांनाही विचार करावयास लावणारे आहेत. आपल्याकडे दिवाणजी असो वा विक्रेता, माणूस बहुधा ओळखीतून येतो. रोकड ज्याच्या हाती सोपवायची, त्याच्या सचोटीसाठी ओळखीला मोल आहेच. मात्र ओळख म्हणजे कौशल्य नव्हे. हिशेबनिसाकडून आठवडाभराची खरी बिले नोंदवून घेतली, त्या दिवसांचा मोबदला दिला आणि तेच काम प्रत्येक उमेदवाराला सारखे दिले, तर गावातला, समाजातला आणि अनोळखी माणूस एकाच मापाने मोजला जाईल.

वस्तूला अनंत बाजू असतात आणि एका नयाने पाहिलेले सत्य अपुरे असते, ही अनेकांताची शिकवण आपल्याला बालपणापासून परिचित आहे. पाऊण तासाच्या मुलाखतीत माणसाची एखादीच बाजू दिसते. म्हणून नकार हा त्या दिवसापुरता, त्या जागेपुरता निर्णय असतो. त्या मुलाचे मोल त्यावरून ठरत नाही. घरच्यांनी हे ध्यानी घेतले, तर निराश होऊन परतलेल्या मुलाला चौकशांऐवजी आधार मिळेल.

नोकरी देणाऱ्यावरही जबाबदारी आहे. महिनोन्महिने उत्तर न देणे, ही उमेदवारांची सर्वांत जुनी तक्रार आहे. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी भाषा समिती गृहस्थानेही आपल्या परीने पाळावी. वेळेवर, स्पष्ट आणि न दुखावता दिलेला नकार हेही तिचेच पालन होय. आपल्या दुकानातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या गिऱ्हाईकाला आपण ‘पुन्हा या’ म्हणतो. नोकरी न मिळता परतणाऱ्या तरुणालाही तेवढा मान मिळावयास हवा.