किल्ली दिली, जबाबदारी राहिली

घर भाड्याने घेताना आपण काय काय विचारतो? भाडे किती, अनामत किती, पाणी किती वाजता येते, गाडी कुठे लावायची. घरातले वायरिंग किती जुने आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मग आग लागली, की जबाबदारी कोणाची यावर वाद सुरू होतो.

साधा हिशेब असा, की भिंतीच्या आत जे आहे ते मालकाचे. वायरिंग, अर्थिंग, मुख्य स्विच या गोष्टी भाडेकरू आपल्या मनाने बदलू शकत नाही. जुन्या घरातले वायरिंग दोन पंखे आणि चार दिव्यांच्या बेताने केलेले असते. आज त्याच तारेवर गीझर, एसी आणि इस्त्री चालते. तार तापते, तिच्यावरचे आवरण वितळते आणि ठिणगी पडते. मीटर जिन्याखाली असतील, तर धूर धुराड्यासारखा जिन्यातूनच वर चढतो आणि सुटकेची वाटच बंद होते. आगीत पुष्कळ माणसे भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून दगावतात.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. नोटीस दिल्यावर १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. राज्याचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. तो ज्या इमारतींना लागू आहे, तिथे आगीची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. ते कोणी द्यायचे? मालकाने किंवा भोगवटादाराने.

या ‘किंवा’मध्येच घोळ होतो. मालक राहणाऱ्याकडे बोट दाखवतो, राहणारा मालकाकडे. त्यातून ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला कलम १४ चा आधार सहजी मिळत नाही. म्हणून त्याने करारातच स्पष्ट लिहून घ्यावे, की वायरिंगची तपासणी आणि दुरुस्ती मालक करील. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती नोंदणी करून घेणे, कलम ५५ प्रमाणे, मालकाचेच काम आहे.

भाडेकरूही मोकळा नाही. एका प्लगवर तीन उपकरणे लावणे, फ्यूजमध्ये जाड तार घालणे, जिन्यात कपाट ठेवणे, हे दोष त्याचे.

मालकांनी एवढे करावे: भाडेकरू बदलला, की परवानाधारक वायरमनकडून घर तपासून घ्यावे, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवावा आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली राहणाऱ्यांच्या हाताशी ठेवावी. रंगकाम एखादे वर्ष पुढे ढकलले तरी चालेल, वायरिंग नको.