आजोबा विसरतात, की त्यांना ऐकूच येत नाही?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हा घ्या लेखी भाग.

थंडीत नशिराबादला शेतात भरीत पार्टी होती. वीसेक माणसं एकदम बोलतायत, मागे हायवेवरचे ट्रक. आजोबा कडेला गप्प. आजी म्हणाली, "आजकाल यांच्या काही ध्यानातच राहत नाही." मी त्यांच्यासमोर बसून सावकाश विचारलं, "आजोबा, यंदा केळीला काय भाव मिळाला?" तर गेल्या तीन वर्षांचे भाव तोंडपाठ! म्हणजे जे कानात शिरलंच नाही, ते लक्षात राहणार कसं?

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात साधारण १५,००० केसपेशी. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. वयानुसार आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणजे स, श, फ सारखे. मग 'साठ' आणि 'आठ' सारखेच वाटतात. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो रे, शब्द कळत नाही." त्यावर आपण ओरडतो. त्याचा फारसा उपयोग नाही, कारण गेलेली अक्षरं ओरडून परत येत नाहीत.

आता मेंदूकडे येऊ. नेटवर्क कमजोर असलं की फोन सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी उतरते ना? तसंच काहीसं. अर्धवट शब्द जुळवण्यात मेंदूची ताकद जाते, लक्षात ठेवायला कमी उरते. शिवाय माणूस गप्पांतून, पारावरून उठून जातो, तो एकटेपणा वेगळाच. आणि कानाकडून कमी आवाज आला की मेंदूचा तो भागही आक्रसत असावा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १२६ जणांचे अनेक वर्षांचे स्कॅन तपासले. ज्यांना कमी ऐकू यायचं त्यांचा मेंदू जास्त वेगाने आकसत होता, विशेषतः कानाजवळचा, बोलणं समजणारा भाग.

घाबरू नका, बहिरेपणा म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. पण २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोग्या १४ धोक्यांत तो धरलाय. मग मशीन लावलं की काम झालं? इतकं सोपं नाही. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरची तीन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. सरसकट फरक दिसला नाही. मात्र ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मला हा आकडा आशादायक वाटतो.

तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. कधी नुसता मळच निघतो! मशीन लागलंच, तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाटही असह्य होतो, मेंदूची सवय मोडलेली असते. तेव्हाच मशीन कपाटात जातं. पहिले काही आठवडे शांत खोलीत, थोडा थोडा वेळ लावायला सांगा, आणि बोलताना त्यांच्यासमोर बसा.