पाठ टेकली; आता पुढे?

वयाच्या ४८व्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा चीत झालो. आणि तेही एका मंगळवारी संध्याकाळी, ऑफिसातून परस्पर जाऊन, महिन्याची फी आगाऊ भरून! माझ्या छातीवर माझ्या निम्म्या वयाचा एक मुलगा बसला होता. मुलगा मोठा सालस. बसण्यापूर्वी "काका, सांभाळून हं," असे तो म्हणालाही होता. पण एकदा बसल्यावर ७५ किलो ते ७५ किलोच.

मी त्याला दोन्ही हातांनी ढकलले. पाय झाडले, दातओठ खाल्ले. मिनिटभरात माझा दम संपला. त्याने गळा धरला नव्हता, हात पिरगळला नव्हता. तरी मी त्याच्या दंडावर दोन थापा मारल्या. 'हरलो, सोड' अशी ही खूण. एरवी आपल्याकडे थाप मारणे म्हणजे खोटे बोलणे. इथली थाप मात्र अगदी खरी असते.

"थाप का मारलीत?" मास्तरांनी विचारले.

"जीव घाबरा झाला," मी म्हणालो.

"झकास! म्हणजे कुठून सुरुवात करायची ते कळलं."

हे जुजुत्सूचे प्रकरण माझ्या गळ्यात पडले ते आमच्या धाकटीमुळे. बारावी झाल्यावर ती शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात जाणार होती. त्याआधी वर्षभर ती या वर्गाला जात होती. मी तिला स्कूटरवरून सोडी आणि दाराशी मोबाइल चाळीत बसे. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, बाहेर डास मारीत बसण्यापेक्षा आत या ना!"

घरात आधीच माझ्या आईचा विरोध होता. "मुलीच्या जातीला ही झोंबाझोंबी कशाला?" तेव्हा मी तिला रवींद्रनाथांचा दाखला दिला. त्यांनी १९२९ साली ताकागाकी या जपानी ज्युदो-गुरूंना शांतिनिकेतनात बोलावले होते आणि तिथे मुलीही ती विद्या शिकल्या होत्या. रवींद्रनाथांचे नाव ऐकताच आई गप्प बसली. आता मी स्वतः पांढरा पट्टा बांधून निघालो तेव्हा मात्र ती एवढेच म्हणाली, "तुला कुणी बोलावलंय?"

हार कुठे, सुरुवात कुठे?

आपण कुस्तीच्या मुलखातले लोक. पाठीला माती लागली की संपले, हे आपल्या रक्तातच आहे. दोन्ही खांदे टेकले की हलगी थांबते, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात आणि हरलेला अंगावरची माती झटकीत निघून जातो. ज्युदोत थोडी सवलत आहे. तिथे पाठीवर दाबून धरलेल्याला सुटायला सध्याच्या नियमाप्रमाणे २० सेकंद मिळतात. पण ब्राझिलियन जुजुत्सूत पाठ टेकल्याने काहीच संपत नाही. छातीवर बसणाऱ्याला ४ गुण मिळतात खरे. पण झुंज चालूच राहते. आणि नवशिक्याचे शिक्षण तर तिथूनच सुरू होते!

याला कारण या विद्येचा इतिहास. जिगोरो कानो यांनी जपानच्या जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला आणि १८८२ साली टोकियोत कोदोकान ही शाळा काढली. त्या शाळेत तयार झालेला मित्सुयो माएदा देशोदेशी झुंजत १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. त्याने तिथे नेलेली विद्या ग्रेसी घराण्यातल्या भावांनी उचलली. त्यांतला हेलियो अंगापिंडाने किरकोळ. धिप्पाड गडी अंगावर येणार, आपण खाली जाणार, हे त्याने गृहीतच धरले होते. तेव्हा खाली पडून टिकायचे कसे आणि निसटायचे कसे, यावरच या घराण्याने भर दिला.

१९५१ साली रिओच्या माराकाना मैदानावर हेलियोची गाठ मासाहिको किमुरा या जपानच्या नामांकित ज्युदोपटूशी पडली. किमुरा वजनाने कितीतरी भारी. त्याने हेलियोला आपटले, दाबून धरले आणि शेवटी त्याचा हात असा पिरगळला की तो मोडला. हेलियोने थाप मारली नाही; थोरला भाऊ कार्लोस याने झुंज थांबवली. त्या पकडीला आज 'किमुरा' असेच म्हणतात. ही गोष्ट सांगून आमचे मास्तर बजावतात, "हेलियोचं टिकणं घ्या, हट्ट घेऊ नका. हात अडकला की मुकाट्याने थाप मारा. उद्या ऑफिसात सही करायची आहे!"

पलंगाखालची सतरंजी

आता सुटायचे कसे? पहिला धडा असा की काय करायचे नाही. छातीवर बसलेल्याला हात लांब करून ढकलायचे नाही. एक तर हात लगेच भरून येतात. शिवाय सरळ केलेला हात म्हणजे त्याच्या हाती आयते दिलेले कोलीतच. तो उचलून कोपरातून उलटा वाकवायला कितीसा वेळ लागणार? दुसरे, घाबरून पालथे व्हायचे नाही. पालथे झालात की तो पाठीवर येतो आणि गळ्याखालून हात घालतो. माणूस घाबरला की नेमक्या याच दोन गोष्टी करतो. मीही केल्या.

मग करायचे काय? कोपरे बरगड्यांशी घट्ट, हनुवटी खाली, आणि श्वास. महिनाभर मास्तरांनी मला दुसरे काही शिकवलेच नाही म्हणा ना! खाली पडायचे, वर कुणीतरी बसायचे, आणि मी नाकाने श्वास घ्यायचा. मला हे थोतांड वाटे. पण दहाव्या-बाराव्या दिवशी लक्षात आले की वजन तेवढेच आहे, आणि जीव मात्र घाबरत नाही.

त्यानंतर डाव. पहिला, कमानीचा. वरचा गडी म्हणजे चार पायांचा चौरंग समजा. त्याचे एका बाजूचे दोन पाय काढून घ्यायचे: एक हात आपल्या छातीशी कवटाळायचा आणि त्याच बाजूचे पाऊल आपल्या पावलाने अडकवायचे. मग टाचा रोवून कंबर जोराने वर उचलायची आणि त्याच बाजूच्या खांद्यावरून वळायचे. चौरंगाला त्या बाजूला टेकायला काही उरत नाही; तो कलंडतो, आणि तुम्ही वर येता.

दुसरा डाव कोळंबीचा. कोळंबी जशी अंग आखडून मागे उसळी घेते, तसे कुशीवर वळून कंबर मागे सारायची. गडी छातीवर आडवा पडून दाबत असेल तर आधी टेकू लावायचे: एक हात त्याच्या मानेशी, दुसरा कमरेशी, दोन्ही कोपरांत वाकलेले. म्हणजे भार स्नायूंवर न येता हाडांवर येतो. मग कंबर किंचित उचलून त्याचे वजन हलवायचे, तेवढ्यात कंबर मागे, आणि झालेल्या फटीतून आपला गुडघा आत. दोघांच्या मध्ये आपले पाय आले की निम्मी लढाई जिंकली. त्या ठाण्याला 'गार्ड' म्हणतात.

मास्तरांचा दृष्टान्त घरगुती आहे. पलंगाच्या खुराखाली सतरंजी अडकली तर आपण पलंग डोक्यावर घेत नाही. खूर बोटभर उचलतो आणि सतरंजी ओढतो. फरक इतकाच की इथे सतरंजी आपण स्वतः! (हे प्रयोग घरी मात्र करू नयेत. बेडरूममध्ये कोळंबी होता होता मी कपाटावर आपटलो, आणि सौभाग्यवतींनी आयोडेक्स चोळता चोळता जे ऐकवले ते इथे छापण्याजोगे नाही.)

एक संध्याकाळ

मे महिन्यातली गोष्ट. धाकटी जायला पंधरा दिवस राहिले होते. ती माझ्या शेजारच्या चटईवर, तो सालस मुलगा तिच्यावर आडवा. तिचे वजन ५२ किलो. त्याने भार टाकला तसा तिचा चेहरा दिसेनासा झाला. फक्त एक पाऊल दिसत होते. मी ताडकन उठलो. त्याच्या दंडाला धरून त्याला उचलावे, एवढेच माझ्या डोक्यात होते.

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा. तिने थाप मारलीय का?"

नव्हती मारली. मी बसलो. ते अर्धे मिनिट माझ्या ४८ वर्षांत सर्वांत लांब होते. मग ते पाऊल हलले, टाच रोवली गेली. कंबर एकदाच उचलली आणि मागे सरली. थोडी थांबली, पुन्हा सरली. फटीतून एक गुडघा आत आला, मग दुसरा. तिचा चेहरा दिसला: लाल, घामाने निथळलेला, आणि चक्क शांत! माझ्याकडे तिचे लक्षही नव्हते.

परतताना स्कूटरवर मी विचारले, "भीती नाही वाटली?"

"वाटते ना," ती मागून म्हणाली. "पण आधी श्वास घ्यायचा, मग घाबरायचं."

मुलीला वसतिगृहात सोडायला गेलो तेव्हा तिची आई रडली, आजीने फोनवरून सतरा सूचना दिल्या. माझ्याकडे सांगण्यासारखे काही उरले नव्हते. आयुष्यात काय काय तिच्या छातीवर येऊन बसणार आहे, कुणास ठाऊक! ते उचलून बाजूला ठेवायला बाप प्रत्येक वेळी शेजारच्या चटईवर असणार नाही. पण ती घुसमटून हात झाडीत राहणार नाही, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मी अजून मंगळवारी वर्गाला जातो. पट्टा पांढराच आहे. तो सालस मुलगा अजून माझ्या छातीवर बसतो. गेल्या महिन्यात मात्र एकदा चौरंग कलंडला. मी वर आलो, आणि पुढे काय करायचे ते ठाऊक नसल्यामुळे तसाच बसून राहिलो. खालून तो हसत म्हणाला, "काका, श्वास घ्या!"