विष जंतूचं, पण जनुक दुसऱ्याचंच

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला घटसर्प पहिल्यांदा भेटतो तो काचपट्टीवर. अल्बर्ट स्टेन केला की हिरव्या काड्या दिसतात, टोकांना निळे-काळे ठिपके, एकमेकींशी कोन करून पडलेल्या. स्लाइड ओळखली की मार्क पक्के. रुग्णाच्या घशातला करडा पडदा मात्र बहुतेकांनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला असतो. ही लशीचीच कमाई.

पण त्या काडीची खरी गोष्ट थक्क करणारी आहे. तिच्याकडे स्वतःचं विष नसतंच! 1951 साली फ्रीमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवलं, की निरुपद्रवी जंतूला एका फाज विषाणूची लागण झाली की तो विषारी होतो. विषाचं जनुक विषाणूचं; आणि ते जागं होतं लोहाची टंचाई पडली की. आपल्या शरीरात मोकळं लोह जवळपास नसतंच, म्हणजे जंतूला हवी ती टंचाई इथे आयती मिळते. त्या विषाचा एक रेणू पेशीच्या आत पोचला, तरी तिथलं प्रथिनं बनवण्याचं काम थांबतं आणि पेशी मरते. एक रेणू! जंतू घशातच बसून राहतो, विष रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत जातं. घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी प्यायलेलं पाणी नाकातून परत येऊ लागतं, ते यामुळेच.

हे विष माणसाळवलं फॉर्मेलिनने. डिसेक्शन हॉलमध्ये डोळे चुरचुरवणारं तेच फॉर्मेलिन. 1923 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गास्तों रामों यांनी विषात ते मिसळून काही आठवडे ऊब दिली. विषाचा घातकपणा गेला, ओळख तेवढी उरली. शरीर ती ओळख लक्षात ठेवतं. आजची लस अशाच निर्विष केलेल्या विषाची, म्हणजे टॉक्सॉइडची.

म्हणजे लस अडवते ती विषाला, जंतूला नव्हे. लस घेतलेल्या धडधाकट माणसाच्या घशातही जंतू राहू शकतो. शिवाय ती ओळख वर्षांगणिक पुसट होत जाते. 1990 च्या दशकात फुटलेल्या सोव्हिएत संघात दीड लाखांहून जास्त लोकांना घटसर्प झाला, त्यांत प्रौढ कितीतरी होते.

आपल्याकडे विद्यार्थ्यांना बाळांचं वेळापत्रक तोंडपाठ असतं: सहा, दहा, चौदा आठवडे, मग बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. ‘तुझा टीडी कधी झाला?’ असं विचारलं की मात्र बरेचजण आईला फोन लावतात. हा लहान मुलांचा आजार, अशी समजूत मुरलेली असते. मला तर वाटतं, व्हायवात पहिला प्रश्न हाच असावा. कारण घटसर्पाच्या रुग्णाचा घसा बॅटरी लावून सगळ्यात जवळून पाहणार आहे तो इंटर्नच. आणि प्रतिविष काम करतं ते फक्त रक्तातल्या मोकळ्या विषावर, पेशीत शिरलेल्यावर नाही. त्यामुळे लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबता येत नाही, पडदा पाहून संशय आला की प्रतिविष देण्याचा निर्णय लगेच घ्यावा लागतो.