भो, त्या पॅकेजमध्ये नेमकं आहे काय?

मित्र पहिल्यांदाच आई-पप्पांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघालाय. एजंट गोड बोलतोय, पॅकेज भारी दिसतंय. मित्र म्हणतो, ‘तू जरा बघ ना.’ मग तुम्ही नेमकं काय बघणार?

धरणगाव घ्या, एरंडोल घ्या, नाहीतर पाळधी. गोष्ट सगळीकडे सारखीच. मित्राचं ग्रॅज्युएशन झालं, जळगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली. पाच-सहा महिन्यांचा पगार साठला, घरचा कापूस विकून झाला. आता त्याच्या मनात एकच आहे, आई-पप्पांना केदारनाथ-बद्रीनाथ करून आणायचं. आई आजवर फार तर शिर्डी-शेगावपर्यंत गेलेली. तो स्वतःही महाराष्ट्राबाहेर कधी गेलेला नाही. आणि व्हॉट्सअपवर एक रंगीत पोस्टर आलंय : ‘दोन धाम, सगळं धरून, हेलिकॉप्टर कन्फर्म, व्हीआयपी दर्शन, शेवटच्या ४ सीट!’

एजंटही परका नसतो. कुणाचा तरी मामा, कुणाच्या तरी दुकानाशेजारचा. ‘गावातलाच माणूस आहे, तो कशाला फसवेल?’ असं घरी सगळे म्हणतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. तो फसवत नसतो, जरा जास्त विकत असतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मित्राला मदत करायची तर आधी तुम्हाला त्या वेगळ्या कळायला हव्यात.

कमाई, फुगवणं आणि फसवणूक

एजंटने पैसे कमावणं हा गुन्हा नाही. गाडी ठरवणं, हॉटेलवाल्याशी बोलणं, घाटात दरड कोसळली तर रात्री अकराला फोन उचलणं, ही कामंच आहेत. त्याचे तो पैसे घेणार. ज्या घरातलं कुणीच कधी बाहेर गेलेलं नाही, त्यांच्यासाठी चांगला एजंट म्हणजे मोठाच आधार असतो.

फुगवणं म्हणजे जे फुकट आहे त्याचे पैसे लावणं, जे त्याच्या हातात नाही त्याची खात्री देणं आणि जे पॅकेजमध्ये नाही ते आहे असं वाटू देणं. आणि फसवणूक म्हणजे पैसे घेऊन तिकीटच न काढणं. पहिल्याला मान द्या. दुसऱ्याला प्रश्न विचारा. तिसऱ्यासाठी पोलीस आहेत.

म्हणून मित्राला पहिल्याच वाक्यात ‘तुला लुटलं रे त्यानं’ असं म्हणू नका. तसं म्हटलं की तो एजंटची बाजू घेणार, कारण निवड त्याची होती. एक कोरा कागद घ्या आणि म्हणा, ‘चल, रोजचा दिवस मांडून बघू.’

आधी रात्री मोजा

‘७ रात्री ८ दिवस’ ऐकायला भरगच्च वाटतं. पण त्यातल्या रेल्वेतल्या रात्री किती? धरणगावहून जळगाव किंवा भुसावळ गाठायचं, तिथून दिल्लीकडची गाडी, पुढे हरिद्वार. जाण्या-येण्यातच तीन-चार दिवस खर्च होतात. उरलेल्या दिवसांत डोंगर बसतो का, ते बघा.

हरिद्वारहून सोनप्रयाग सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. घाटरस्ता असल्यामुळे अख्खा दिवस जातो. खासगी गाडी सोनप्रयागलाच थांबते. पुढे गौरीकुंडापर्यंत साधारण ५ किलोमीटर तिथल्या स्थानिक शटल जीपने जावं लागतं. गौरीकुंडापासून केदारनाथ सुमारे १६ किलोमीटर पायी चढण, आणि मंदिर साडेतीन हजार मीटरहून जास्त उंचीवर. पन्नाशीतल्या माणसांना चढायला एक दिवस, उतरायला दुसरा. मग बद्रीनाथला जायला पुन्हा एक अख्खा दिवस आणि परत हरिद्वारला यायला दीड-दोन दिवस.

बेरीज केली की हरिद्वार ते हरिद्वार सहा दिवस लागतातच. चारधाम मार्गावर रात्री वाहतूक बंद ठेवली जाते, त्यामुळे ‘ड्रायव्हर रात्रीतून काढेल’ हेही चालत नाही. ‘चार दिवसांत दोन्ही धाम, एकदम आरामात’ असं पोस्टरवर असेल तर ‘आराम’ हा शब्द तिथेच खोडा. आणि आईचे गुडघे, पप्पांचं बीपी हे पोस्टरवाल्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवणं हा प्लॅनचाच भाग आहे.

फुकटच्या गोष्टींचे पैसे

आता कागदाच्या दुसऱ्या बाजूला एजंटने लावलेले ‘चार्जेस’ लिहा.

चारधाम यात्रेची नोंदणी उत्तराखंड सरकारच्या अधिकृत पोर्टलवर होते आणि ऑनलाइन नोंदणी मोफत आहे. आधार कार्ड आणि मोबाइल असला की घरबसल्या होते. एजंटने ती भरून देण्याचे थोडे पैसे घेतले तर ती त्याची मेहनत. पण त्याला ‘सरकारी परमिट फी’ म्हणत असेल तर ते खरं नाही.

हाच खेळ परदेशाच्या पॅकेजमध्येही चालतो. थायलंडला जाणाऱ्यांना १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते सरकारी साइटवर मोफत आहे. मलेशियाचंही तसंच. तरी या कार्डाला ‘व्हिसा चार्ज’ म्हणत पैसे घेणारे भेटतातच.

रेल्वे तिकिटाचंही बघा. आयआरसीटीसीच्या अधिकृत एजंटला ई-तिकिटावर किती घेता येतं हे ठरलेलं आहे : बिगर-एसीला २० रुपये आणि एसीला ४० रुपये, वर कर. तिकिटाच्या प्रिंटवर ते वेगळं दिसतं. माणशी पाचशे-सातशे ‘तत्काळ चार्ज’ कुणी मागत असेल तर तिकीट बघायला मागा. परवाना नसताना तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. आणि ‘वेटिंग आहे, पण होऊन जाईल’ यावर विसंबू नका. चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं. पीएनआर नंबर घ्या आणि १३९ वर स्वतः तपासा.

जे एजंटच्या हातात नाही

‘हेलिकॉप्टर कन्फर्म’ हा शब्द सगळ्यात महाग आहे. केदारनाथसाठी गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून हेलिकॉप्टर जातात. त्यांची ऑनलाइन तिकिटं आयआरसीटीसीच्या ‘हेलीयात्रा’ साइटवर मिळतात आणि त्यासाठी आधी यात्रेची नोंदणी लागते. बुकिंग सुरू झालं की तिकिटं भराभर संपतात. म्हणून याच नावाने बनावट साइट दरवर्षी उगवतात, आणि उत्तराखंड पोलीस त्या बंद करत असतात. तिकीट हातात येण्याआधीच कुणी ‘कन्फर्म’ म्हणत असेल तर विचारा, ‘कशावरून?’

तिकीट मिळालं तरी हवामान कुणाच्या खिशात नसतं. १५ जून २०२५ ला गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून ७ जणांचा जीव गेला, त्यानंतर ही सेवा काही काळ थांबवली होती. ढग आले की उड्डाण रद्द होतं, आणि रद्द होणंच बरं असतं. मित्राने विचारायचा खरा प्रश्न हा : उड्डाण रद्द झालं तर पैसे परत कुणाकडून, किती दिवसांत? आणि आई-पप्पा वर कसे जाणार, घोड्यावर की पालखीत? त्याचा खर्च कुणाचा?

व्हीआयपी दर्शनाचंही तसंच. पूजांचं बुकिंग बद्री-केदार मंदिर समिती स्वतः करते. एजंटने पूजा बुक केली असेल तर समितीची पावती असणारच. ती बघायची, बाकी पोस्टरवरच्या शब्दांना दर्शन मिळत नाही.

‘किंवा तत्सम’ म्हणजे काय रे भो?

पॅकेजच्या कागदावर हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘किंवा तत्सम’ लिहिलेलं असतं. म्हणजे फोटोतलं हॉटेल मिळेलच असं नाही. ‘केदारनाथजवळ मुक्काम’ याचा अर्थ गुप्तकाशीही असू शकतो, आणि तिथून सोनप्रयागच अजून तीसेक किलोमीटर आहे. म्हणून गावाचं नाव लिहून घ्या. एका खोलीत किती माणसं, गरम पाणी आहे का, रात्रीचं जेवण धरलंय का, हे सगळं विचारा. सोनप्रयागचं शटल, घोडा, पालखी, वरचा मुक्काम हे ‘सगळं धरून’ मध्ये आहे की बाहेर?

काश्मीर-मनालीला निघालेल्या मित्रांनीही हे लक्षात ठेवा. पहलगामला आरू, बेताब व्हॅली आणि चंदनवाडीला जायला स्थानिक युनियनची टॅक्सी वेगळी करावी लागते. रोहतांगला परमिट लागतं आणि रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते. ‘साइटसीइंग इन्क्लुडेड’ या दोन शब्दांत यातलं नेमकं काय आलं, ते आधीच कळायला हवं.

विचारायचं कसं?

आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. ओळखीच्या माणसाला हिशोब विचारला तर त्याला राग येईल, उद्या बसस्टँडवर भेटला तर तोंड कसं दाखवायचं? उपाय सोपा आहे. मित्राने इतकंच म्हणायचं, ‘काका, हे सगळं एका कागदावर लिहून द्या ना, पप्पांना दाखवायचंय.’ यात कुणाचा अपमान नाही. ज्याचा व्यवहार सरळ आहे तो लगेच लिहून देतो. जो ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणतो, त्याने उत्तर दिलेलंच असतं.

आणि ‘आजच भरा, उद्या रेट वाढेल’ याला घाबरू नका. ग्राहकाला असं खोटं घाईला आणणं ही इतकी जुनी युक्ती आहे की केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात तिचा नंबर पहिलाच आहे. एक रात्र थांबल्याने केदारनाथ कुठे जात नाही. भाऊबीजेला कपाट बंद होईपर्यंत तो तिथेच आहे.

पैसे देण्याआधीच्या सहा गोष्टी

१. दिवसवार कार्यक्रम, मुक्कामाचं गाव आणि ‘यात नाही’ची यादी लेखी घ्या. व्हॉट्सअपवर आली तरी चालेल, पण पोस्टर नको, मजकूर हवा.

२. पैसे एकदम देऊ नका. थोडे आगाऊ, तिकिटं हातात आल्यावर काही, उरलेले निघताना.

३. यूपीआय करताना समोर कुणाचं नाव येतं ते बघा. फर्म एका नावाची आणि खातं तिसऱ्याचं असेल तर थांबा.

४. बिल मागा. टूरवर ५ टक्के जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर असायलाच हवा. तो जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो. नोंदणी नसलेल्या छोट्या एजंटला जीएसटी घेताच येत नाही.

५. रद्द केलं तर किती कापणार, हे आकड्यात लिहून घ्या.

६. तिकिटाची, हॉटेलची खात्री स्वतः करा. हॉटेलला फोन लावून ‘या नावाचं बुकिंग आहे का?’ इतकं विचारायला दोन मिनिटं लागतात.

मोठं नाव बघून ही सहावी गोष्ट टाळू नका. १७५८ सालापासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सहलीचे पैसे भरलेले कितीतरी लोक अडकले. ३ मे २०२३ ला गो फर्स्टची विमानं अचानक थांबली, तेव्हा प्रवाशांबरोबर एजंटांचेही पैसे अडकले. म्हणजे एजंट प्रामाणिक असला तरी साखळीतलं दुसरं कुणीतरी कोसळू शकतं.

आणि बिनसलंच तर?

ऑनलाइन पैसे गेले आणि समोरचा गायब झाला, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. एजंट आहे, पण कबूल केलेलं दिलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली : एजंट दिल्लीचा असो की हरिद्वारचा, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे धरणगावच्या माणसाला जळगाव पुरे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र तिथे कागदच बोलतो. म्हणून तो लिहून घेतलेला कागद, पावत्या आणि मेसेज जपून ठेवा.

इतकं सगळं झाल्यावर निर्णय मित्रालाच घेऊ द्या. तुमचं काम त्याच्या जागी प्रवास ठरवणं नाही. तपासून पॅकेज ठीक निघालं, एजंटने सरळ उत्तरं दिली, तर दोन हजार जास्त जातायत म्हणून त्याचा विरस करू नका. कुणीतरी सोबत आहे या भरवशावर आई-पप्पा निवांत झोपणार असतील, तर ते दोन हजार वाया गेले असं कोण म्हणेल? आणि पॅकेज ठीक नसेल तर तो कागद त्याच्या हातात द्या, फोन त्यालाच करू द्या. एकदा त्याने ‘काका, हे कशाचे पैसे?’ असं शांतपणे विचारलं ना, की पुढे मोबाइल घेताना, क्लासची फी भरताना, लोनच्या फॉर्मवर सही करतानाही तो विचारेल. तेव्हा त्याला तुमची गरज लागणार नाही. उलट उद्या तुम्ही कुठे निघालात, तर तोच म्हणेल, ‘थांब भो, आधी कागद आण.’