एक शब्द, अनेक अर्थ

नवी मुंबईतील उलवे हे नाव तुम्ही ऐकले असेल. तेथील विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि दहा गावांतील लोकांना आपली घरे सोडावी लागली.

टेकडीचा कातळ कुदळीने फुटणारा नव्हता. म्हणून त्यात खोल भोके पाडून स्फोटके भरली जात आणि लोकांना दूर करून ती उडवली जात. मोठा आवाज होई, जमीन हादरे. या कामाला इंग्रजीत 'ब्लास्टिंग' म्हणतात. ते 'ब्लास्ट' या शब्दावरून आले आहे.

ब्लास्ट म्हणजे केवळ स्फोट नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाऱ्याचा जोरदार झोत असा होता. शिट्टी किंवा भोंगा जोराने वाजला, तरी तो ब्लास्टच. लोखंडाच्या कारखान्यात ज्या भट्टीत गरम हवेचा झोत सोडतात, ती 'ब्लास्ट फर्नेस'. मराठीत तिला झोतभट्टी म्हणतात. भातपिकावर बुरशीमुळे पडणाऱ्या एका रोगालाही इंग्रजीत ब्लास्टच म्हणतात. आपले शेतकरी त्याला करपा म्हणतात. या रोगात आवाज नसतो, पण हिरवे पान करपून जाते.

पाहा, इंग्रजीत शब्द एकच. मराठीत मात्र स्फोट, झोत, करपा असे वेगवेगळे शब्द!

आता एक महत्त्वाची गोष्ट. खडक फोडण्यासाठी भोकात भरलेल्या स्फोटकाला मराठीत 'सुरुंग' म्हणतात. उर्दूत तुम्ही 'सुरंग' म्हणता, तेव्हा बहुधा जमिनीखालचा रस्ता तुमच्या मनात असतो. त्याला मराठीत बोगदा म्हणतात. 'बारूदी सुरंग' म्हटले, की मग मराठी अर्थ जवळ येतो. समजा, एखाद्या खाणीजवळ 'सावधान! पुढे सुरुंग लावले आहेत' अशी पाटी आहे. बोगदा पाहायला मिळेल, असे समजून तुम्ही पुढे गेलात तर? शब्दाचा चुकीचा अर्थ जिवावर बेतेल.

म्हणून ओळखीचा शब्द दिसला, तरी लगेच अर्थ ठरवू नका. आधी पूर्ण वाक्य वाचा. तो कोठे आणि कशासाठी वापरला आहे, ते पाहा. तरीही शंका असेल, तर शब्दकोश उघडा किंवा आपल्या शिक्षकांना विचारा.