दोन इंची दुर्बिणीतला लघुग्रह

हेर्मान गोल्डश्मिट हे पेशाने चित्रकार. जन्म फ्रँकफर्टचा, मुक्काम पॅरिसला, काफे प्रोकोपच्या वरच्या मजल्यावर. खगोलशास्त्राची गोडी लागली तीच मुळी पंचेचाळिशीत. गॅलिलिओची स्वतः रंगवलेली चित्रे विकून त्यांनी दुर्बीण घेतली, असे सांगतात. तिच्या भिंगाचा व्यास जेमतेम दोन इंच. १५ नोव्हेंबर १८५२ रोजी त्यांना एक नवा लघुग्रह सापडला. खगोलशास्त्रज्ञ फ्रँस्वा आरागो यांनी त्याला पॅरिसचे जुने रोमन नाव दिले, लुटेशिया. क्रमांक २१.

एवढीशी दुर्बीण पुरली कशी? मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला हा लघुग्रह पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा तेजाच्या मापात नवव्या-दहाव्या प्रतीइतका उजळतो. दोन इंची भिंगातून तो दिसतो. अडचण दिसण्याची नाही, ओळखण्याची. दुर्बिणीत लघुग्रह म्हणजे ताऱ्यासारखाच नुसता ठिपका. फक्त रात्रीगणिक तो शेजारच्या ताऱ्यांमधून थोडा सरकतो. ते सरकणे कळायचे तर त्या भागातला प्रत्येक ठिपका नकाशावर हवा, नाहीतर डोक्यात. फोटोग्राफी अजून या कामाला जुंपली गेली नव्हती. आकाशाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाहायचा आणि कागदाशी ताडायचा. चित्रकाराची सवयीची नजर इथे कामी आली असणार, असे मला तरी वाटते. १८६१पर्यंत त्यांच्या नावावर १४ लघुग्रह जमा झाले. त्यांतले दोन तर १९ सप्टेंबर १८५७च्या एकाच रात्रीचे!

सापडलेला लघुग्रह हाती राहीलच असे मात्र नाही. १८५६मध्ये शोधलेला डॅफ्ने थोड्याच निरीक्षणांनंतर हरवला. पुढच्या वर्षी त्याच्या शोधात असताना गोल्डश्मिट यांना एक ठिपका दिसला आणि तोच डॅफ्ने असे धरले गेले. कक्षेचे गणित मांडल्यावर कळले, हा भलताच निघाला. त्याचे नाव मग मेलेटे ठेवले. खरा डॅफ्ने १८६२मध्ये पुन्हा गवसला.

१० जुलै २०१० रोजी युरोपचे रोझेटा यान धूमकेतूकडे जाता जाता लुटेशियापासून सुमारे ३,१७० किलोमीटरवरून गेले. सुमारे १२० किलोमीटर लांबीचा ओबडधोबड खडक, त्यावर ५७ किलोमीटर व्यासाचे मासिलिया विवर. घनता पाण्याच्या ३.४ पट. वर्णपटावरून लुटेशिया धातूचा असावा असा अनेकांचा कयास होता; पण लोखंडाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट. बरे, निव्वळ खडक म्हणावे, तर आतल्या भेगा-पोकळ्या धरता ३.४ हा आकडा जास्तच भरतो. म्हणून त्याच्या पोटात धातूचा गाभा असू शकेल, असे काही संशोधक मानतात.